आजोबांच्या फोटोशेजारी पिठूचा फोटो लावावा की नाही?

घोडबंदरची लेक

आमचा पिठू जाऊन आज २२ दिवस झाले. १४ वर्षांचा बोका. नौपाड्यातल्या जुन्या घराजवळच्या गिरणीत सापडला. दळण आणायला गेलेली आई एका हातात डबा आणि पदरात हे पिल्लू घेऊन आली, डोक्यापासून शेपटीपर्यंत पिठाने माखलेलं. धुतल्यावर कळलं की करड्या पट्ट्यांचा आहे, पण नाव पिठूच राहिलं.

किडन्या गेल्या होत्या. मांजरं दुखणं लपवतात. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं बरंचसं काम बंद पडलेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. शेवटचे पाच महिने आम्ही घरीच त्याला कातडीखाली सलाइन देत होतो. पडद्याच्या दांडीला बाटली अडकवायची, आई त्याला मांडीवर घेऊन बसायची आणि मी मानेमागची कातडी चिमटीत उचलून सुई टोचायची. १०० मिली गेलं की खांद्यावर पाण्याचा फुगवटा यायचा आणि संध्याकाळपर्यंत तो ओघळून पुढच्या पायात उतरायचा. तसाच जड पाय टाकत तो फ्रिजपाशी जाऊन बसायचा, बोंबील आणलेत का बघायला.

आमच्या सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक, हातभर माती नाही. मालाडला मुंबई महापालिकेची लहान प्राण्यांसाठी दाहिनी आहे, तिथे नेलं. राख गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीत घातली.

आता मुद्दा. आईला हॉलमध्ये आजोबांच्या फोटोशेजारी पिठूचा फोटो लावायचा आहे. दादा म्हणतो, त्या भिंतीवर माणसं आहेत, तिथे मांजर नको. दोघं आठवडाभर एकमेकांशी धड बोललेले नाहीत. मला आईचं पटतं. १४ वर्षं जो घरचा होता, त्याची जागा घराच्या भिंतीवरच. तुमचं मत सांगा.

पाचपाखाडी

तुमच्या दुःखाबद्दल मनापासून वाईट वाटलं. तरीही मी दादाच्या बाजूने आहे.

आपल्याकडे भिंतीवरचा गेलेल्या माणसाचा फोटो ही नुसती आठवण नसते. त्याला हार घालतो, सणाला नैवेद्य दाखवतो, नवी सून आली की तिला त्याच्या पाया पडायला सांगतो. पितृपक्षात आपण कावळ्याला, गाईला, कुत्र्याला, मुंग्यांनाही घास ठेवतो. त्यांचा मान ठेवतो, पण त्यांना पितर म्हणत नाही. पिठूचा फोटो कपाटावर ठेवा, मोबाइलवर ठेवा, आईच्या उशाशी ठेवा. ती एक भिंत सोडा.

गेल्या वर्षी माझे वडील गेले. भेटायला आलेल्या एकांनी, आमचा कुत्रा गेला तेव्हा आम्हालाही अगदी असंच झालं होतं, असं म्हटलं. त्यांचा हेतू चांगला होता, पण मला ते अजून सहन होत नाही. त्यामुळे दादाला काय वाटत असेल ते मला कळतं.

सातारची, मुक्काम ऐरोली

पाचपाखाडी, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण मुक्या जिवाला मानाची जागा देणं आपल्याकडे नवीन नाही. आमच्या साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, आणि तीही राजघराण्याच्या समाध्यांच्या परिसरातच. लहानपणी आम्ही तिथेही हात जोडायचो. महाराजांचा मान त्याने कमी झाला, असं कुणाला कधी वाटलं नाही.

आणि हेही बघा. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं आपल्याच आज्या सांगत आल्या. त्याला मारण्याचं पाप एवढं मोठं, तर त्याच्या जाण्याचं दुःख लहान कसं?

पाचपाखाडी

खंड्याने महाराजांचा वाघापासून जीव वाचवला, असं सांगतात. त्याची समाधीही वेगळी आहे, महाराजांच्या समाधीत नाही. मी तेच म्हणतोय: वेगळी जागा द्या.

नेरूळहून

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. आमची मांजर चिऊ गेली तेव्हा आईने तिचा मोठा फोटो टीव्हीच्या वर लावला. वर्षभर ती टीव्हीकडे बघायची आणि नजर वर जायची. चिऊ आजारपणात फार वाळली होती, तिचं शेवटचं इंजेक्शनही आईच्याच होकाराने झालं. तो फोटो तिला रोज तेच विचारायचा. शेवटी तिनेच उतरवला.

तिला बरं वाटलं ते सेक्टरमधल्या मांजरांमुळे. बाजारामागे सहा-सात होती. एकेक पकडून आम्ही त्यांची नसबंदी करून आणली. रात्री नऊला आई डबा घेऊन खाली गेली की स्कूटरखालून सगळ्या बाहेर येतात. माझ्या मते आठवण ठेवायची तर अशी, जित्या जिवासाठी काहीतरी करून. तुमच्या आईला एखादं पिल्लू आणून द्या, उशीर करू नका.

घोडबंदरची लेक

नेरूळहून, तुमच्या आई करतात ते फार मोठं काम आहे. पण पिल्लाचं आत्ता नको. शेजारच्या काकू तेराव्या दिवशीच पिल्लू घेऊन दारात उभ्या होत्या. आईने हात जोडून त्यांना परत पाठवलं आणि मग बाथरूमचा नळ सोडून रडली. पिठूची जागा रिकामी नाही अजून. सोफ्याच्या डाव्या हाताचा कापूस त्याने बाहेर काढलाय, तो आम्ही शिवून घेतलेला नाही. पहाटे पाचला आई अजून उठते, सवयीने.

सातारची, मुक्काम ऐरोली

अगदी बरोबर केलं त्यांनी. हिरोडोटसने लिहून ठेवलंय की इजिप्तमध्ये घरातलं मांजर गेलं की घरातली सगळी माणसं भुवया काढून टाकत. म्हणजे त्या भुवया परत उगवेपर्यंत तरी त्या घराला कुणी, दुसरं आण, असं म्हणत नसेल.

घोडबंदरची लेक

इथलं सगळं वाचून काल मी आजोबांची फ्रेम पुसायला उतरवली आणि मला जे दिसलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शेवटची दोन वर्षं आजोबांना विस्मरण होतं. मला ते आत्याच्या नावाने हाक मारायचे, दादाला ओळखायचेच नाहीत. पिठूला मात्र पिठू म्हणायचे, एकदाही चुकले नाहीत. तो त्यांच्या पायाशी गोधडीवर झोपायचा. आजोबा रात्री उठायला लागले की हा खाली उडी मारून आईच्या दाराशी ओरडायचा. ते गेल्यावरही महिनाभर त्याच गोधडीवर झोपत होता.

फ्रेममधल्या फोटोत आजोबांचा उजवा हात छातीखाली असा ओंजळीसारखा वळलेला आहे. इतकी वर्षं वाटायचं, सवय असेल. काल दादाच्या जुन्या मोबाइलमधला मूळ फोटो शोधला. त्या हाताखाली पिठू आहे, मांडीवर, डोळे मिटून. फ्रेम करताना दादानेच त्याला खालून कापला होता. फ्रेममधल्या फोटोतही खालच्या कडेला, बटणाशेजारी, एका कानाचं टोक राहिलेलं आहे. आम्ही कुणी ते कधी पाहिलंच नव्हतं.

पाचपाखाडी

हे वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आलं नाही.

वेगळा फोटो शेजारी लावण्याला माझा अजूनही विरोध आहे. पण हा आख्खा फोटो लावा. तो आजोबांचाच फोटो आहे. त्यांच्या हातात जे होतं ते कापायचा हक्क आपल्याला नाही. हार मात्र आजोबांच्या नावाने घाला, एवढं माझं ऐका.

नेरूळहून

मला अजूनही आईची काळजी वाटते. रोज समोर दिसेल. पहिले काही दिवस घरात कुणीतरी त्यांच्याबरोबर असा.

घोडबंदरची लेक

असेन. मूळ फोटो गोखले रोडला मोठा करायला दिलाय, शनिवारी मिळेल. आईला दाखवला, ती बराच वेळ त्या हातावरून बोट फिरवत होती. दादाला अजून सांगितलेलं नाही. रात्री तो आला की जुनी फ्रेम त्याच्या हातात देणार आहे आणि ते कानाचं टोक दाखवणार आहे.