मदत हवी आहे: एलएमएनए जीनमध्ये व्हीयूएस (घातक की निरुपद्रवी हे न ठरलेला बदल), घरच्यांपैकी आधी कोणाला तपासावं?

प्रश्न:
कोथरूडचा ४१ वर्षांचा रुग्ण. डीसीएम (हृदय फुगून कमजोर होण्याचा आजार), ईएफ (हृदयाची पंप करण्याची क्षमता) ३५ टक्के, पीआर (ईसीजीवर वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत संदेश जायला लागणारा वेळ) २४० मिलिसेकंद, सीपीके (स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणारं एन्झाइम) ६२०, दोन्ही दंडांत अशक्तपणा. पॅनेलमध्ये (अनेक जीन्सची एकत्र तपासणी) एलएमएनएचा एक मिसेन्स बदल (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलणारा) आणि टायटिन या दुसऱ्या जीनचे दोन, तिन्ही व्हीयूएस. वडील तरुणपणी अपघातात गेले, त्यांच्या हृदयाचं काही कळायला मार्ग नाही. भोरच्या चुलत्यांना पेसमेकर आहे. ठणठणीत असलेली धाकटी बहीण "माझीही तीच तपासणी करा" म्हणते. करावी का? चुलत्यांच्या रक्तातून नेमकं काय सिद्ध होईल?

प्रतिसाद १:
बहिणीची जीन तपासणी आत्ता नको. बदल सापडला तर ती विनाकारण धास्तावेल. नाही सापडला तर निर्धास्त होऊन इको करायचं सोडून देईल, आणि हे जास्त घातक. तिचा ईसीजी, इको, होल्टर (दिवसभराचा सलग ईसीजी), सीपीके मात्र याच महिन्यात उरकून घ्या.

टायटिनचे दोन्ही बाजूला ठेवा. ते जीन इतकं अवाढव्य आहे की असे मिसेन्स बदल धडधाकट माणसांतही सर्रास निघतात.

आता चुलते. रुग्णातला बदल वडिलांकडून आलेला असण्याची शक्यता निम्मी, मग तो चुलत्यांतही असण्याची त्याच्या निम्मी. म्हणजे निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता १/४. पीपी१ हा निकष (बदल आणि आजार कुटुंबात सोबत चालतात याचा पुरावा) एकाच कुटुंबावरून लावायचा तर ती १/८ किंवा त्याहून कमी हवी. चुलते एकटे पुरत नाहीत. त्यांच्या मुलांपैकी कुणाला कमी वयात एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) किंवा हार्ट ब्लॉक (हृदयातला विद्युत संदेश अडणं) असेल आणि त्यातही बदल निघाला, तर १/८ होतं.

प्रतिसाद २:
त्याआधी पेसमेकर कोणत्या वयात बसला ते विचारा. पंचाहत्तरीतला ब्लॉक नुसत्या वयानेही होतो. तसं असेल तर चुलत्यांना बाधित धरू नका, आणि बदल निघाला नाही तरी त्याला विरोधी पुरावा मानू नका.

पीएम२ (बदल सर्वसामान्य लोकांत जवळपास दिसत नाही हा निकष) कशाच्या आधारावर दिला तेही लॅबला विचारा. इंडिजेन या भारतीय जीनोमच्या संग्रहात जेमतेम १०२९ जीनोम आहेत. तिथे बदल न दिसणं फार बोलत नाही. एमवायबीपीसी३ या हृदयाच्या स्नायूच्या जीनमधली डीएनएच्या २५ अक्षरांची गळती आपल्याकडे सुमारे ४ टक्के लोकांत आहे, नुसता युरोपीय डेटा पाहिला तर ती दुर्मीळ वाटेल.

प्रश्नकर्ता:
पेसमेकर ४६व्या वर्षी बसला. त्यांच्या मुलीला ३९व्या वर्षी एट्रियल फिब्रिलेशन झालं आहे.

प्रतिसाद १:
मग दोघांचंही रक्त घ्या. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी, ३ मिली, आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करा. न हलवल्यास गुठळी होऊन नमुना परत येतो. फ्रीझरमध्ये ठेवू नका. पूर्ण पॅनेल मागवू नका, तेवढ्या एकाच बदलाची सँगर तपासणी (त्याच जागेचं डीएनए वाचन) सांगा. सोबत रुग्णाच्या रिपोर्टची प्रत द्या: बदलाचं 'सी.' नाव (डीएनएत कुठे काय बदललं ते), ट्रान्सक्रिप्ट (जीनची कोणती प्रत धरली) आणि संदर्भ जीनोमची आवृत्ती ३७ की ३८, तिन्ही त्यात हवेत.

रुग्णाचा आयसीडीचा (घातक ठोके थांबवणारं, शरीरात बसवायचं यंत्र) निर्णय या निकालासाठी अडवून ठेवू नका. होल्टरवर व्हीटीचे (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येणाऱ्या धोकादायक जलद ठोक्यांचे) झटके दिसत असतील तर तो विषय आजच हृदयरोगतज्ज्ञांपुढे ठेवा.