अंतरिम अर्थसंकल्पात वाटप नाही: ही शिस्त की नुसता देखावा?

हिशेबनीस
१ फेब्रुवारी २०२४ चं, निवडणुकीआधीच्या अंतरिम अर्थसंकल्पाचं भाषण तासाभराच्या आत आटोपलं. आयकराचे टप्पे जैसे थे, किसान सन्मान निधीचे सहा हजारही तेवढेच. आठवून बघा, २०१९ ला निवडणुकीच्या तोंडावर पीयूष गोयल यांनी हीच योजना आणली, तीही १ डिसेंबर २०१८ पासून मागच्या तारखेने. आचारसंहिता लागायच्या आत पहिला हप्ता खात्यात! या वेळी मात्र वित्तीय तूट (उत्पन्नाबाहेरचा, कर्ज काढून भागवायचा खर्च) जीडीपीच्या ५.८ वरून ५.१ टक्क्यांवर आणू म्हणतायत. लोकसभा डोक्यावर असताना सरकार हात आखडता घेतं, याला मी तरी शिस्तच म्हणेन. पटत नसेल तर मांडा.

वाकडी_वाट
वाटप अर्थसंकल्पातूनच व्हावं असं कुठं लिहिलंय? ८१ कोटी लोकांना आणखी पाच वर्षं मोफत धान्य, हे नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने ठरवून टाकलं. मध्य प्रदेशात महिलांना दरमहा पैसे देणाऱ्या लाडली बहना योजनेचा खर्च राज्याच्या तिजोरीतून. आपल्याकडे सन्मान निधीत राज्याने स्वतःचे सहा हजार घातले. पंगती उठल्यावर यजमान ‘मी आता काही घेणार नाही’ म्हणाला, तर त्याला उपास म्हणत नाहीत हो.

हिशेबनीस
राज्यांचा खर्च केंद्राच्या नावावर कशाला टाकता? आणि ४७.६६ लाख कोटींच्या खर्चात ११.९० लाख कोटी नुसतं व्याजात जातायत. त्यातून भांडवली खर्च (रस्ते, रेल्वे वगैरेंवरचा) ११.११ लाख कोटींवर नेलाय. अजून काय हवं?

चांदवडकर
तुमचं ५.८ नि ५.१ चालू द्या. आमचा अर्थसंकल्प ८ डिसेंबर २०२३ लाच आला, कांदा निर्यातबंदी लागू झाली तेव्हा. त्याआधी ऑगस्टात ४० टक्के निर्यात शुल्क लावलंच होतं. सध्या बाजारात आहे तो लाल कांदा. उन्हाळ (उन्हाळी) कांद्यासारखा तो साठवणीच्या चाळीत टिकत नाही, काढला की ट्रॅक्टर भरायचा, बाजार समितीत रांगेला लावायचा आणि लिलावात निघेल त्या भावाला सोडायचा. लिलाव बंद पाडले, मुंबई-आग्रा रोड अडवला, पवारसाहेब येऊन बसले. बंदी जागची हलली नाही.
एका ट्रॉलीत वीस क्विंटल धरा. भाव क्विंटलमागे हजारानेच पडला असं समजलं (पडलाय जास्तच), तरी वीस हजार गेले. केंद्राचे सहा आणि राज्याचे सहा, वर्षाचे बारा हजार एका खेपेतच फिटले!

डोंबिवली_फास्ट_लोकल
दादा, तुमचं दुःख खरंय. पण दिवाळीच्या सुमाराला आम्ही सत्तर-ऐंशी रुपये किलोने कांदा घेत होतो, तेव्हा काय करायचं? १९९८ ला दिल्ली राज्यातलं सरकार कांद्यानेच रडवलं होतं. कुठलंही सरकार घाबरणारच.

चांदवडकर
घाबरू द्या ना. ताई, तुम्हाला स्वस्त कांदा द्यायचाय तर भाव पाडू नका, आमच्याकडून बाजारभावाने घ्या आणि फरक तिजोरीतून भरा. मग तो आकडा अर्थसंकल्पात दिसेल, तूट वाढेल, हिशेबनीस साहेब टीका करतील. आत्ता तो फरक आम्ही भरतोय, म्हणून तूट ५.१ दिसतेय.

वाकडी_वाट
+१. खरा मुद्दा हाच.

हिशेबनीस
एका पिकावरून पूर्ण तूट समजावू नका राव, कांद्याचा फरक त्या आकड्यात दशांशालाही पुरणार नाही. शिवाय वाटून मतं मिळतातच असं नाही. २००४ ला तेव्हाचे अर्थमंत्री जसवंतसिंह यांनी मूळ वेतनाच्या ५० टक्क्यांइतका महागाई भत्ता मूळ वेतनात घातला, सरकार गेलं. २०१४ ला चिदंबरम यांनी गाड्यांवरचं उत्पादन शुल्क उतरवलं, तेही गेलं.

डोंबिवली_फास्ट_लोकल
आणि २००८ ची ६० हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी? २००९ ला काँग्रेसवाले परत आले की.

चांदवडकर
दशांशाला पुरत नसेल तर भरून टाकायला काय हरकत होती? असो. बंदीची मुदत ३१ मार्च २०२४. तेव्हा उन्हाळ कांदा निघालेला असेल आणि आचारसंहिताही लागलेली असेल. दिंडोरी-नाशिकचे उमेदवार दारात येतील, तेव्हा पहिला प्रश्न आम्ही हाच विचारणार.