परदेशातल्या नेत्याची 'दहा लक्षणं': मेव्हण्याला द्यायचं उत्तर इथे देतोय

पंचवटीकर

"खऱ्या देशभक्त नेत्याची परदेशातली दहा लक्षणं" हा मेसेज आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, सोडून दिला. मग शाळेच्या ग्रुपवर आला. काल रात्री मेव्हण्याने मला एकट्याला पाठवला, खाली "जरा विचार कर" अशी पुस्ती जोडून. केला विचार. तिकडे लिहिलं तर भाऊबीजेला बहिणीकडे जाणं अवघड होईल, म्हणून इथे.

लक्षणं थोडक्यात: परदेशात इंग्रजी बोलू नये, कोणापुढे वाकू नये, यजमान विमानतळावर आला नाही तर तो देशाचा अपमान, तोफा एकवीसच हव्यात, आणि बाहेर जाऊन देशाबद्दल वाईट बोलेल तो गद्दार. बाकीची याच पाचांची पिल्लं.

तोफांचं आधी. आपले राष्ट्रप्रमुख म्हणजे राष्ट्रपती. पंतप्रधान शासनप्रमुख. अमेरिकेत राष्ट्रप्रमुखाला २१ तोफा आणि शासनप्रमुखाला १९, हा तिकडचा ठरलेला रिवाज आहे. दोन तोफा कोणी खाल्ल्या नाहीत. विमानतळावर तर अमेरिकेचा अध्यक्ष सहसा कोणासाठीच जात नाही.

वाकण्याचं म्हणाल, तर ओबामा २००९ मध्ये जपानच्या सम्राटापुढे चांगले कमरेत वाकले. घरच्यांनी झोडपलं त्यांना. जपानशी असलेला संरक्षण करार त्याने तसूभर हलला का? हिंदीसाठी अटलजींच्या संयुक्त राष्ट्रांतल्या भाषणाचं उदाहरण दिलंय, पण १९७७ मध्ये ते परराष्ट्रमंत्री होते, मेसेजमध्ये पंतप्रधान केलेत. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत हिंदी नाही, तरी दुभाष्याची सोय तुम्ही केलीत तर कुठल्याही भाषेत बोलता येतं. भाषण उत्तमच होतं, मलाही अभिमान आहे. पण मग इंग्रजीत बोलणारे कृष्ण मेनन, ज्यांनी १९५७ मध्ये काश्मीरवर सुरक्षा परिषदेत सुमारे आठ तास किल्ला लढवला, ते काय कमी देशभक्त?

खरा राग शेवटच्या लक्षणाचा आला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब लंडनला गोलमेज परिषदेत होते. अस्पृश्यांचे हाल त्यांनी तिथे मांडले, इंग्रजांनाही तोंडावर सांगितलं की तुमच्या राज्याने आमचं काही भलं केलं नाही, आणि स्वराज्यही मागितलं. या मेसेजच्या हिशेबात ते कोण ठरतात? मेव्हणा १४ एप्रिलला त्यांचाच फोटो डीपीला लावतो.

नेता परदेशात कसा वागला हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो: येताना काय घेऊन आला.

देवळालीचा तोफखाना

तोफांचा विषय काढलात म्हणून लिहितो, आयुष्य त्यात गेलं. १९ चं मान्य. मेव्हण्याला कळवा.

बाकी मात्र नाही पटलं. १९३० साली देश गुलाम होता, सरकार परक्याचं होतं, आणि न्याय मागायचा तर लंडनलाच जावं लागे. आज संसद आपली आहे. इथे हरलं की राहुल गांधींसारखं केंब्रिजला जाऊन लोकशाही मेली म्हणून टाहो फोडायचा, याची तुलना बाबासाहेबांशी? लाज वाटली पाहिजे.

आणि मान ताठ ठेवण्याला तुम्ही हसताय, कारण तुम्ही वर्दीत बाहेर गेला नाहीत. यूएनच्या मिशनवर मी लेबनॉनमध्ये होतो. मेसमध्ये एक युरोपियन अधिकारी रोज विचारायचा, तुमच्याकडे अजून हत्तीवरून फिरतात का. आधी हसून सोडायचो. मग एकदा त्याला दुर्बिणीतून समोरच्या टेकडीचं अंतर अंदाजे सांगून दाखवलं, त्याच्या यंत्रावर तेवढंच आलं. त्यानंतर तो मला 'सर' म्हणायचा. समोरचा तुम्हाला आधी जोखतो, कागद नंतर वाचतो.

माइन-काठचा नाशिककर

काका, हत्ती तर मलाही विचारतात, फ्रँकफर्टमध्ये, आयटीत.

केंब्रिज २०२३ आठवतं, मग ह्यूस्टन २०१९ का नाही आठवत? दुसऱ्या देशाच्या निवडणुकीतली घोषणा आपल्या पंतप्रधानांनी भर स्टेडियममध्ये उच्चारली. नंतर परराष्ट्रमंत्र्यांना खुलासा करावा लागला. आणि २०१५ ला शांघायमध्ये काय म्हणाले, की आधी लोकांना भारतात जन्माला आल्याची लाज वाटायची? बाहेर देशाची बदनामी करायची नाही हा नियम फक्त विरोधकांना आहे का?

देवळालीचा तोफखाना

ते आधीच्या सरकारबद्दल होतं, देशाबद्दल नाही.

माइन-काठचा नाशिककर

राहुलसुद्धा सरकारबद्दलच बोलत होते! हेच तर म्हणतोय!

मेनरोडचे मास्तर

दोघांनीही आवाज कमी करावा. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांचं उदाहरण कोणी घेतलं नाही. २८ फेब्रुवारी २०२५, ओव्हल ऑफिस, पत्रकार विचारतो सूट का घातला नाही. मान ताठ ठेवली, वाद घातला, अमेरिकेशी खनिज करारावर सही न करता बाहेर पडले.

पंचवटीकर

आणि ३० एप्रिलला खनिज करारावर सही झालीच ना मास्तर. ताठ मानेचा फोटो जगभर फिरला, कागद दोन महिन्यांनी निमूट झाला.

उलट उदाहरण घ्या. नोव्हेंबर १९७१ मध्ये इंदिराबाई वॉशिंग्टनला गेल्या. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन त्यांच्याबद्दल मागे काय भाषेत बोलत होते ते २००५ मध्ये टेप खुल्या झाल्यावर जगाला कळलं. बाईंनी तिथे ना गळाभेट घेतली, ना तमाशा केला. कारण ९ ऑगस्टचा रशियाशी करार आधीच पदरात होता. १६ डिसेंबरला ढाका पडलं. तोफखानाकाका, हे तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

देवळालीचा तोफखाना

माहीत आहे. आणि बाईंची मान ताठच होती, हेही लिहा.

चाळीतला कांदा

निफाडचा आहे. दोन दिवस वाचतोय, आता राहवत नाही.

"येताना काय घेऊन आला" म्हणता ना पंचवटीकर? मग जाताना आमचं काय घेऊन गेला तेही विचारा. ऑक्टोबर २०१९. पाचच दिवस आधी कांद्यावर निर्यातबंदी लावलेली. बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत व्यापाऱ्यांच्या बैठकीत चक्क हिंदीत म्हणाल्या की तुम्ही अचानक कांदा बंद केला, मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलंय. सगळे हसले. टीव्हीवर गोड बातमी. पाहुणी बाई हसत हसत यजमानाला सांगून गेली की आधी कळवायची तरी रीत असते. हाच खरा शिष्टाचार, आणि तो आम्हाला पाहुण्यांनी शिकवला.

मग ८ डिसेंबर २०२३ पासून परत बंदी. लाल कांदा ऐन भरात, लिलाव बंद, ट्रॅक्टर रस्त्यावर. आणि त्याच बंदीत सरकार-ते-सरकार म्हणून मार्च २०२४ ला बांगलादेशला ५०,००० टन आणि यूएईला १४,४०० टन मंजूर. मैत्री यांची, कांदा आमचा, भाव ठरवणार तिसराच. मे मध्ये बंदी उठवली ती टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. याला उठवणं म्हणतात?

लोकसभेला दिंडोरीत केंद्रीय मंत्री पडल्या तेव्हा सरकारला कळलं म्हणे.

गंगापूर रोडची गृहिणी

भाऊ, तुमचं दुःख मान्य, पण कांदा ऐंशी रुपये किलो होतो तेव्हा आमच्यासाठी कोण रस्त्यावर उतरतं? निर्यात करा ना, पण इथल्या माणसाच्या ताटातलं काढून नको. देशभक्ती म्हणता ती आधी घरापासून.

चाळीतला कांदा

ताई, ऐंशी तुम्ही देता, त्यातले माझ्या हातात किती येतात ते एकदा लासलगावला येऊन बघा. पाचशे रुपये क्विंटलने विकलेला कांदाही मी पाहिलाय, तेव्हा तुमच्या भाजीवाल्याने काय भाव लावला होता? उन्हाळ कांदा चाळीत ठेवला तर सडतो, नाही ठेवला तर पडत्या भावात जातो. आणि देशभक्ती मला शिकवू नका. माझा चुलता सैन्यात होता.

गंगापूर रोडची गृहिणी

मी कुठे शिकवली? पगार तेवढाच, गॅस वाढला, शाळेची फी वाढली, आणि बोलले की मी शेतकरीविरोधी. छान आहे.

द्राक्षवाला, पिंपळगाव

कांद्याला किमान राजकारणी घाबरतात. द्राक्षाला कोण विचारतो? २०१० ला युरोपात द्राक्षात सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून कंटेनर अडकले. ते औषध तपासायच्या यादीतच नव्हतं, आम्ही तपासणी पास करून माल पाठवला होता. माझ्या मोठ्या भावाने त्या कर्जापायी अर्धा बाग विकला. त्या वर्षी कोणत्या नेत्याने कोणाला मिठी मारली हे मला आठवत नाही. तिकडच्या बंदरावर आपल्या बाजूने बोलायला तांत्रिक माहिती असलेला एक माणूस हवा होता, एवढं आठवतं.

पंचवटीकरांचा मुद्दा मला या कारणाने पटतो. पाव्हणा म्हणून गेल्यावर फेटा चांगला बांधावाच, पण याद्या करायला बसल्यावर फेटा कामाला येत नाही.

मेनरोडचे मास्तर

विषय नेत्यांचं परदेशातलं वर्तन असा आहे. कांद्यासाठी वेगळा धागा काढावा.

चाळीतला कांदा

मास्तर, आमचा कांदा परदेशातच जातो. नेत्यापेक्षा जास्त वेळा.

जेलरोडवासी

😂 आणि नेत्याचा असो वा कांदेवाल्याचा, पासपोर्ट आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापला जातो. पहिल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने विनंती असते की या माणसाला अडथळ्याशिवाय जाऊ द्या, लागेल ती मदत करा. भाषा बघा किती सभ्य. "एकवीस तोफा डागा" असं कुठे लिहिलेलं नाही. आणि तो पासपोर्ट घेऊन माझी पोरगी व्हिसाला गेली तर नकार, कारण नाही, फी परत नाही. नेत्याने तिकडे कुठल्याही भाषेत बोलावं, ही रांग कमी करून यावं.

माइन-काठचा नाशिककर

हे शंभर टक्के. इकडच्या अशाच एका सभेत झेंडे हलवणाऱ्यांत मीही होतो, खोटं का बोला. दुसऱ्या दिवशी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात रांगेत उभा होतो.

देवळालीचा तोफखाना

म्हणजे झेंडे हलवायला गेलात आणि इथे मला शिकवताय. वा.

आता माझं शेवटचं. १९९४ ला जिनिव्हात मानवाधिकार आयोगापुढे काश्मीरवरून पाकिस्तान आपल्याला घेरत होता. नरसिंह रावांनी शिष्टमंडळाचं नेतृत्व दिलं विरोधी पक्षनेते अटलजींना. सोबत सलमान खुर्शीद. पाकिस्तानला ठराव मागे घ्यावा लागला. २०२५ ला ऑपरेशन सिंदूरनंतर सात शिष्टमंडळं गेली, त्यातल्या एकाच्या प्रमुख सुप्रिया सुळे, दुसऱ्याचे श्रीकांत शिंदे. बाहेर एक सूर. परदेशात वागावं कसं विचाराल तर असं. तुमचे खुलासे आणि तुमच्या टेप्स बाजूला ठेवा.

पंचवटीकर

काका, यावर आपलं भांडणच नाही. पण बघा, दोन्ही वेळा फोटोपेक्षा तयारी मोठी होती. आणि परत आल्यावर तीच माणसं संसदेत एकमेकांवर तुटून पडली, तेव्हा कोणी कोणाला गद्दार म्हटलं तर ते मला चालत नाही. तुम्हाला चालतं का?

देवळालीचा तोफखाना

माणसावर अवलंबून आहे.

पंचवटीकर

झालं. मेव्हण्याला तुमचाच नंबर देतो.

गंगापूर रोडची गृहिणी

पाचशे रुपये क्विंटल म्हणजे किलोला पाच रुपये. खरंच? मग थेट तुमच्याकडून घेता येईल का? आमच्या सोसायटीत चाळीस घरं आहेत.

चाळीतला कांदा

आता तेवढा पडलेला नाही ताई. मागणी किती ते सांगा, गोणी पन्नास किलोची असते, गाडीभाडं तुमचं. आणि प्रतवारी करून मागू नका, मोठा-छोटा मिळेल तसा.