डोळ्यांवाचून कमावणारी आपली माणसं : अनुभव धागा

दळणवाली
काल दळण आणायला गेले. गिरणीतल्या पोरानं पिठात हात घातला, अंगठ्यानं बोटावर चोळून बघितलं आणि दगड जरा कसला. बस्स, अण्णा आठवला.

अण्णा माझा थोरला भाऊ. सेलूजवळ आमचं गाव. सहाव्या वर्षी गोवर आला, त्यात दोन्ही डोळे गेले. आम्ही त्याला इतकं जपलं की सत्तावीस वर्षांचा झाला तरी भाकरी कुस्करून ताटात द्यायचो. आता आठवलं की लाज वाटते. मग वडिलांचा पाय मोडला आणि गिरणी बंद पडली. बाया डबे घेऊन यायच्या, तशाच माघारी जायच्या. नवव्या दिवशी मोटरचा आवाज आला. आई पिठाच्या हातानं पळाली. बघते तर अण्णा उभा, हात खालच्या पिठात.

पट्ट्यात हात जाईल म्हणून आईनं बोंब मारली. त्यानं ऐकलं नाही. वडिलांनी खाटेवरूनच निरोप धाडून पट्ट्याला लोखंडी जाळी बसवून घेतली, आमची मदत काय ती तेवढीच. दाणे संपत आले की दगडाचा आवाज बदलतो, हे मला त्यानं शिकवलं. रांगेतले डबे कडीवरून, पोच्यावरून ओळखायचा. त्याच्या हातून डब्यांची अदलाबदल झालेली मला आठवत नाही. वडिलांच्या हातून झालेली आठवते!

तुमच्याकडं असं कोणी? काय करतात, अडलं कुठं? लिहा.

गंजगोलाई
मामा वेताच्या खुर्च्या विणायचे. त्यांच्या काळी अंधशाळेत तेच शिकवायचे, नाहीतर खडू आणि मेणबत्त्या. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, विषय संपला. बोटाला वेताचे घट्टे अजून आहेत. शिकवणाऱ्यांनी जरा बाजार बघून शिकवायला पाहिजे होतं, माझं मत.

बाभूळबन
दळणवाली, सकाळी सकाळी रडवलंस माय. कुकर लावून येते.

सहा_ठिपके
मी स्वतः पूर्ण अंध. टॉकबॅकवर (फोन स्क्रीनवरचं बोलून दाखवतो ते) ऐकत टाइप करायलोय, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

सरकारी कार्यालयात क्लार्क आहे, कोणत्या ते सोडा. 2016 च्या कायद्यात दिव्यांगांना 4 टक्के जागा आहेत, त्यातला 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टीवाल्यांचा. त्यातून लागलो. रुजू झालो तर साहेब म्हणाले, तुम्ही बसा हो निवांत, पगार चालूच राहील. सहा महिने नुसता बसलो. चहा आला की पियाचा. बायकोला घरी येऊन काय सांगावं, आज काय केलं? शेवटी एनव्हीडीए स्वतःच टाकून घेतलं, फुकट असतं ते, स्क्रीनवरचं वाचून दाखवतं. आणि काम मागून घेतलं.

आता भांडण फाँटशी. फाइल युनिकोडमध्ये नसली की मशीन मराठी वाचतच नाही, इंग्रजी अक्षरांचा नुसता पाला ऐकू येतो. स्कॅन केलेलं पत्र म्हणजे फोटो. तेच पत्र टाइप केलेलं पाठवा म्हणलं की समोरचा म्हणतो, अहो स्पष्ट तर दिसतंय.

मोंढा_नाका
अनुदान आहे, एसटीत सवलत आहे, नोकरीत जागा आहेत. अजून काय पाहिजे?

सहा_ठिपके
सवलतीतली एसटी कुठं लागली ते तर कळू द्या भाऊ. स्टँडवर विचारलं की लोक म्हणतात "ती काय, तिकडं," आणि बोट दाखवतात. मला.

मोंढा_नाका
हाहाहा. मान्य. मी पण दाखवलं असंल.

पूर्णा_जंक्शन
मी नांदेडला लेखनिक म्हणून बसले होते एका दादाच्या पेपरला. बीए, इतिहास. तासाला 20 मिनिटं जास्त मिळतात, पण लेखनिक मिळायचीच मारामार, कारण त्याच दिवसांत सगळ्यांच्या परीक्षा. तो सांगेल तेच लिहायचं, आपली अक्कल घालायची नाही. त्यानं मराठवाडा मुक्तीची तारीख सांगितली 17 ऑक्टोबर 1948. माझा हात थांबला. शाळेत दर 17 सप्टेंबरला झेंड्याला उभी राहिलेली पोरगी मी! "लिहिलं का ताई?" लिहिलं. बाहेर आल्यावर त्यालाच आठवलं. कपाळावर हात मारला आणि मला म्हणतो, नुसतं खोकली असतीस तरी कळलं असतं.

बाभूळबन
आले. खोकली असतीस!! कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त झाल्या हसण्यात.

वसमतची_हळद
बाबा शिक्षक. काचबिंदूनं नजर गेली, नोकरीची नऊ वर्षं बाकी होती. संस्थेत कुजबूज सुरू झाली, आता राजीनामा द्या म्हणून. बाबा देणारच होते. ओळखीच्या वकिलांनी थांबवलं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, हुद्दा कमी करता येत नाही, जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. त्यांना माहीत नव्हतं आणि आम्हालाही नव्हतं.

बँकेचं वेगळंच. चेकबुक द्यायला तयार नाहीत, "तुमच्याच भल्यासाठी" म्हणे. रिझर्व्ह बँकेचं 2008 चं परिपत्रक आहे, अंध खातेदाराला चेकबुक, एटीएम, लॉकर सगळं द्यायचं. छापून नेलं. मॅनेजरनं दोनदा वाचलं आणि बाबांना सोडून मला विचारलं, "यांना सही येते का?" तीस वर्षं फळ्यावर लिहिलेल्या माणसाला!

मोंढा_नाका
यावरून आठवलं, प्रांजल पाटील. पूर्ण अंध, उल्हासनगरच्या. आधी निवड होऊन रेल्वेच्या सेवेत घेतलं नाही, तर परत परीक्षा देऊन आयएएस झाल्या. जिद्द असली की सगळं होतं.

सहा_ठिपके
मानतोच की त्यांना. पण आमच्या पोरांना लगेच कलेक्टरचं उदाहरण देतात राव. बघणाऱ्या पोराला कोणी म्हणतं का, कलेक्टर नाही झालास तर जिद्द कमी पडली? त्याला चालतं की मोबाइलचं दुकान.

गंजगोलाई
शंभर टक्के.

पूर्णा_जंक्शन
दळणवाली ताई, अण्णा पैशाचं कसं करायचे? नोटा कशा ओळखायचे?

दळणवाली
आत्ता बघितलं, पाहुणे आलते.

जुन्या नोटा त्याच्या बोटाला पाठ होत्या, अंगठ्यापासून मोजायचा. 2016 नंतर सगळं बिघडलं. नव्या शंभराच्या आणि दोनशेच्या लांबीत फरक 4 मिलिमीटर, दोनशेच्या आणि पाचशेच्याही तेवढाच. मळलेल्या नोटेत तो कसा लागायचा हाताला? एकदा कोणीतरी पन्नासाची शंभर म्हणून दिली. गावातलंच माणूस होतं. पैशाचं काही वाटलं नाही, पण अण्णा चार दिवस गिरणीत गेला नाही.

रिझर्व्ह बँकेचं नोट ओळखणारं मनी ॲप 2020 मध्ये आलं, भाच्यानं टाकून दिलं. पण पिठाच्या हातानं मोबाइल कोण धरणार? खरा उपयोग झाला तो त्या पैसे बोलणाऱ्या डब्याचा. क्यूआर लावला, बाया मोबाइलवर देतात, डबा ओरडून आकडा सांगतो. केला होता सगळ्या दुकानदारांसाठी, अण्णाला पावला. कोणी कमी टाकले तर रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जातं, त्यामुळं आता कोणी टाकत नाही.

वसमतची_हळद
अण्णा आहेत ना अजून?

दळणवाली
आहेत की! गिरणी पुतण्या बघतो, हे दुपारी जाऊन बसतात आणि आवाजावरून त्याच्या चुका काढतात. पुतण्या वैतागलाय.

बाभूळबन
ताई, मालदांडी आधी दळतात का हायब्रीडनंतर? आमच्या इथला गिरणीवाला सगळं एकावर एक ढकलतो, भाकरी चिरते.

दळणवाली
अण्णाला विचारून सांगते.