पुन: डिसेंबरची कोल्हापूर बैठक आणि गप्प बसलेली निम्मी सभा

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आपल्यातले बरेच जण कोल्हापुरात असणार आहेत. तेव्हाच शिरोळकडच्या गावात, आपलं इंग्लंडमधलं मंडळ देणग्यांतून बांधत असलेल्या मुलींच्या अभ्यासिकेबद्दल गावकऱ्यांबरोबर बैठक घ्यायची आहे. विषय चार: जागा, उघडण्याच्या वेळा, देखभाल, आणि पुराच्या दिवसांत पुस्तकं आणि संगणक कुठं हलवायचे.

गेल्या बैठकीचं इतिवृत्त परवा पुन्हा काढून वाचलं. बोलले कोण, तर सरपंच, मुख्याध्यापक आणि आपले पदाधिकारी. सतरंजीवर बायका आणि मुली भरपूर होत्या. त्यांच्याबद्दल एकच वाक्य आहे: 'उपस्थित महिलांनी आनंद व्यक्त केला.' अभ्यासिका ज्यांच्यासाठी, त्यांचं म्हणणं काय, याचा पत्ता नाही. या वेळी काय करावं? कोल्हापुरात राहणाऱ्या सभासदांनी जरूर लिहावं.

सचिव


प्रेषक: कोल्हापूरची ताई

सचिव, सप्रेम नमस्कार.

इकडं परत आल्यापासून मी त्याच पट्ट्यातल्या बचत गटांबरोबर काम करते, म्हणून जरा मोठं लिहिते.

या बायका बोलत नाहीत हे काही खरं नव्हे. गटाच्या बैठकीला येऊन बसा एकदा. कर्ज कुणाला आधी द्यायचं यावरून अशी जुंपते की बाहेर रस्त्यावर आवाज जातो. तिथं दहा-बारा जणी गोल बसतात, प्रत्येकीचा पैसा पेटीत असतो, आणि नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब ही पंचसूत्री प्रत्येकीला पाठ असते. त्याच बायका आपल्यापुढं येतात तेव्हा समोर मंच असतो. मग नारळ, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं मनोगत. त्यांचा विषय निघतो तो शेवटी, 'आयत्या वेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने' या ओळीखाली. तोवर धारा काढायची वेळ झालेली असते आणि निम्म्या जणी उठून गेलेल्या असतात.

म्हणून आधी वेळ. संध्याकाळी पाचची बैठक शहरातल्या माणसाला सोयीची वाटते. गावात तेव्हा म्हशींची धार आणि डेअरीला दूध घालायचं असतं. जेवणं झाल्यावर, दुपारी एक ते तीन बरं पडतं. त्यात डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. ज्याच्या फडाला तोड आली, ते घर त्या दिवशी शेतातच. तारीख ठरवायला एकट्या सरपंचांना फोन करू नका, दोन-तीन गटांच्या अध्यक्षांना विचारा.

मग जागा. देवळाचा सभामंडप मोठा आणि फुकट मिळतो, हे मला माहीत आहे. पण तिथं दलित वस्तीतल्या बायका कडेला टेकतात, मुस्लिम बायका सहसा येत नाहीत, आणि जिला पाळी आली असेल ती घरीच राहते. हे कारण कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. गैरहजर म्हणून नोंद होते, झालं. शाळेचा तळमजल्यावरचा वर्ग घ्या. वरचा नको, म्हाताऱ्या माणसांना जिना चढवत नाही.

मागं कुणीतरी सुचवलं होतं की बायका मोकळ्या व्हाव्यात म्हणून सुरुवातीला हळदीकुंकू ठेवू. कृपा करून नको. याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची, हे सगळं बंद. राज्य सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. त्या तालुक्यात जाऊन आपण विधवांना बाजूला बसवणाऱ्या कार्यक्रमानं बैठक सुरू करायची म्हणजे कमालच झाली.

बसायला सगळ्यांना सतरंजी, गोल. खुर्ची ज्याचे गुडघे धरतात त्याला. पाहुणा आहे म्हणून खुर्ची नको.

'कुणाला काही बोलायचं आहे का?' असं चाळीस माणसांपुढं विचारलं की उत्तर ठरलेलं: सरपंचांकडं एक नजर आणि शांतता. त्यापेक्षा दोघी-दोघींना पाच मिनिटं आपसांत बोलू द्या. मग दोन जोड्या एकत्र करा आणि चौघींतली एक जण सगळ्यांना सांगेल. ती 'आमचं असं म्हणणं आलं' असं सांगते, त्यामुळं एकटीवर येत नाही. सासू त्याच खोलीत असली तर हे फार मोठं काम असतं.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो नकाशाचा. रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकानं गावकऱ्यांनीच गावाचा अभ्यास करायची जी रीत जगभर नेली, तिच्यात नकाशा लोक स्वतः जमिनीवर काढतात. रांगोळी, खडे, बिया, जे हाताशी असेल ते. बाहेरून आलेल्यानं काठी त्यांच्या हातात द्यायची आणि मागं सरायचं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठून शिरलं, कुठवर चढलं, जनावरं कुणाच्या माळावर नेली, हे बायका न अडखळता काढून दाखवतात. आपण निवडलेल्या जागेबद्दल मी एका गटात सहज विचारलं. एक आजी म्हणाल्या, 'खोली राहील वो कोरडी, पण वाटंतला वढा आधी चढतोय. पोरी जाणार कशा?' आपल्या इतिवृत्तात जागा 'सर्वानुमते' मंजूर आहे.

आणि एक राहिलं. इकडं पुष्कळ बायका 'मी सांगतो', 'मी जातो' असंच बोलतात. आपल्यातलं कुणीतरी त्यावर गालात हसतं. एकदा हसलं की ती बाई त्या दिवसापुरती गप्प. येणाऱ्या पोरांना आधीच सांगून ठेवा. मोठ्यांनाही.

ताई


प्रेषक: काका, बर्मिंगहॅम

ताई,

पत्र झकास. पण तू मंडळाचं अध्यक्षपद कधी केलेलं नाहीस, हे ओळीओळीत दिसतंय.

लोकांना बोलू दिलं की काय होतं ते मी बघितलंय. उकडीचे की तळणीचे, यावर गणेशोत्सवाची एक अख्खी सभा गेली होती, जुन्या सभासदांना आठवत असेल. आपल्याकडं दोन तास, विषय चार. जोड्या करा, चौकड्या करा, रांगोळी काढा... परतीचं विमान सुटायचं की! माझ्या लहानपणी शिवाजी पेठेत वस्ताद बोलले की विषय संपायचा. मिरवणूक वेळेवर निघायची नाही हे खरं, पण निघायची.

माझं साधं म्हणणं आहे. सभेचे नियम पाळा. हात वर करा, अध्यक्षांमार्फत बोला, सूचक-अनुमोदक घ्या, मत घ्या. ज्याला बोलायचंय तो बोलेल. ज्याला गप्प बसायचंय त्याला छळू नका. आणि ज्यांनी पैसे दिलेत त्यांना चार प्रश्न विचारायचा हक्क आहे की नाही?

काका


प्रेषक: लीड्सची सभासद

नमस्कार, मी इथंच वाढले, त्यामुळं लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्या.

मी शाळेत शिकवते. आम्हाला प्रशिक्षणात मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेचं काम शिकवतात. तिनं १९७० च्या आसपास वर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून ऐकली. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभर थांबत आणि लगेच दुसऱ्याला विचारत किंवा स्वतःच बोलत. तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांब झाली, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण सभेत मोजून बघा. कुणालाच धीर निघत नाही.

मंडळाच्या सभेत माझंही असंच होतं. मी मराठी वाक्य मनात जुळवते तोवर विषय पुढं गेलेला असतो. मग सगळे म्हणतात, तरुण पिढीला रस नाही.

दोन गोष्टी सुचवते. ज्यांचा आवाज मोठा आहे त्यांनीही माईक घ्यावा. 'मला माईक लागत नाही' असं म्हणणाऱ्याला तो लागत नसेल, पण कमी ऐकू येणाऱ्यांना लागतो. आणि ऑनलाइन जोडलेल्यांसाठी खोलीत एक माणूस नेमा, जो फक्त आमच्याकडं लक्ष ठेवेल. गेल्या वेळी मला तासभर एका खांबाची बाजू दिसत होती.


प्रेषक: कोल्हापूरची ताई

काका,

नियमांचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगते. हेन्री रॉबर्ट हा अमेरिकन लष्करातला इंजिनिअर. चर्चमधल्या एका सभेचं अध्यक्षपद त्याच्या गळ्यात पडलं, सभेचा पार विचका झाला, आणि त्यातून त्यानं सभानियम लिहायला घेतले. १८७६ मध्ये ते छापले. तुमचे सूचक-अनुमोदक बव्हंशी तसल्याच रीतीतले आहेत. त्याच नियमांत हेही आहे की, एका ठरावावर जो एकदा बोलला त्यानं बाकीच्या इच्छुकांचं झाल्याशिवाय दुसऱ्यांदा बोलायचं नाही. हा नियम आपल्या मंडळात पाळलेला मला तरी आठवत नाही. मोदकांच्या सभेत किती जण बोलले होते? माझ्या आठवणीत चारच, पण प्रत्येक जण पुन्हा पुन्हा. वेळ तिथं गेला.

छळ कुणाचाच नको, हे पटलं. बोलायची फेरी आपल्यापाशी आली की 'पुढं' म्हणायची मुभा प्रत्येकीला हवी, आणि शेवटी पुन्हा एकदा विचारायचं.

विषय चारचे दोन करू. जागा आणि वेळा. देखभालीचं आणि पुराचं पुढच्या बैठकीत, ते तुम्ही नसतानाही होईल.

आता पैशाचं. काका, इथं मी ऐकणार नाही. देणारा समोर बसला की घेणारा 'छान आहे' म्हणतो, दुसरं काय म्हणेल? महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची तरतूद कायद्यात केली, ती उगीच नाही. २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांना आहेत, तरी खुर्चीवर बाई आणि फोन उचलायला तिचा नवरा, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून पहिला तास फक्त बायका आणि मुलींचा. सरपंच बाहेर, मुख्याध्यापक बाहेर आणि देणगीदारही बाहेर. दुसऱ्या तासाला सगळे आत. आधी त्यांच्यातल्या दोघी काय ठरलं ते सांगतील, मग तुमचे चार प्रश्न.

तुम्ही दर शाहू जयंतीला दलित समाजातल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलाची गोष्ट सांगता आणि फार छान सांगता. शाहू महाराज भाऊसिंगजी रोडवर त्यांच्या हॉटेलासमोर थांबून चहा घ्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. 'अस्पृश्यांनो, धीर करा, पुढं या' असं भाषण करून ते मोकळे झाले नाहीत. ज्यांच्या हातात सत्ता, हलायचं त्यांनी. आपल्या बाबतीत तासभर बाहेर बसायचं, एवढंच आहे.

आणि इतिवृत्त गटातली एखादी मुलगी लिहील. बारावीच्या दोघी-तिघी आहेत, अक्षर चांगलं आहे. लिहिलेलं तिथंच वाचून दाखवायचं, मग सह्या.

ताई


प्रेषक: काका, बर्मिंगहॅम

बसतो बाहेर. चहाची सोय कर, आणि मुख्याध्यापकांना बरोबर दे, तेवढंच क्रिकेटवर बोलणं होईल. पण हिशेबाचा कागद दुसऱ्या तासाला माझ्या हातात पाहिजे, त्यात सूट नाही.

चार नव्हे, पाच जण बोलले होते. पाचवा मी.


प्रेषक: सचिव

मंडळी, आभार. ठरलं ते असं:

शाळेचा वर्ग, दुपारी एक वाजता. इंग्लंडमध्ये तेव्हा सकाळचे साडेसात असतील, ऑनलाइन येणाऱ्यांनी गजर लावावा. तारीख ताई गटांना विचारून कळवतील, आणि तोड आली तर बदलेल, म्हणून त्या आठवड्यात गोव्याची तिकिटं काढू नयेत. सत्कार नाहीत. शाली आधीच घेतलेल्या आहेत, त्यांचं काय करायचं ते कार्यकारिणी बघेल. लीड्सच्या सभासद स्वतः येत आहेत, तेव्हा ऑनलाइनवाल्यांकडं त्याच बघतील.

जागेचा 'सर्वानुमते' ठराव तूर्त स्थगित. ओढ्याचं ऐकून घेतल्याशिवाय बांधकामाचा पुढचा हप्ता पाठवू नये, असं खजिनदारांना कळवलं आहे.

मंडपवाल्याला खुर्च्या नकोत, फक्त सतरंज्या आणि एक चांगला माईक असं सांगितलं. तो विचारतो, परदेशचे पाहुणे आहेत ना, मग निदान पाच खुर्च्या तरी टाकू का? मी म्हटलं टाका, पण त्या कुणासाठी ते गावातल्या आज्या ठरवतील.

सचिव