1955 च्या सुमाराची असेंब्ली लाइन: बॉडी चासीवर बसायची कशी?

खटपट्या:
1955 च्या शेवरोलेचे कारखान्यातले फोटो बघताना दोन गोष्टी डोक्यात शिरल्या नाहीत. लाइनच्या सुरुवातीला चासी, म्हणजे गाडीचा खालचा पोलादी सांगाडा, उलटी का ठेवलेली असते? आणि रंगवून, काचा-अस्तर लावून तयार झालेली बॉडी वरून उतरते ती बरोबर तिच्याच चासीवर कशी येते? गिऱ्हाइकाने व्ही-8 (आठ सिलिंडरचं इंजिन) मागितली आणि खाली सहा सिलिंडरवाली चासी आली, असं व्हायचं नाही का?

पानाबारा:
उलटी ठेवण्यामागे सरळ हिशेब आहे. पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), ॲक्सल, पुढचं सस्पेन्शन, सगळं चासीच्या खालच्या अंगाला लागतं. चासी सुलटी असेल तर माणसाला खड्ड्यात उतरून डोक्यावर हात करून बोल्ट आवळावे लागतात. उलटी केली की पाट्यांसकट मागचा ॲक्सल होइस्टने वरून उतरवायचा आणि उभ्या उभ्या नट आवळायचे. ब्रेकचे नि पेट्रोलचे पाइपही क्लिपा मारून तेव्हाच बसवता येतात. मग चासी पलटायची आणि इंजिन-गिअरबॉक्स एकत्र जोडलेलं धूड वरून सोडायचं.

लाइन ताशी 60 गाड्यांची असेल तर एका जागी एका माणसाला मिळतो एक मिनिट. त्यात खड्ड्यात वाकायला वेळ कुठला!

एक इशारा मात्र देतो. घरी चासी उलटी करून काम करणार असाल तर पाट्यांच्या टोकांच्या रबरी बुशांचे (बोल्टभोवतीच्या रबरी नळ्यांचे) बोल्ट तेव्हा फक्त हाताने लावा. पूर्ण आवळायचे ते गाडी चाकांवर उभी राहून वजन आल्यावरच. आधी आवळले तर पाटा दबताना रबर पिळलेलंच राहतं. मग गाडी उंच बसते आणि बुश लवकर फाटतात.

कानस:
जोडी जुळवण्याचं काम कागदाचं होतं. बॉडी रंगकामातून बाहेर पडून ट्रिमच्या (काचा-अस्तर लावायच्या) लाइनला लागली की तिचा क्रम पक्का व्हायचा. तो टेलिप्रिंटरवरून चासी, इंजिन, चाकं, सीट अशा सगळ्या विभागांना जायचा आणि प्रत्येकाने आपला माल त्याच क्रमाने लाइनवर सोडायचा. म्हणजे बॉडी चासीला शोधत नव्हती, दोघी एकाच यादीने चालत होत्या.

गोंधळ व्हायचा तो मधूनच एखादी बॉडी बाजूला काढली की. रंगात ओघळ आला म्हणून ती दुरुस्तीला गेली आणि यादी बदलली नाही, तर मागचे सगळे एक घर सरकणार. म्हणून रंगकामानंतर थोड्या बॉड्यांचा साठा ठेवत आणि क्रम लावायचा तो तिथून पुढे.

उतरवण्याची जागा नाजूक. त्या काळी बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगचा दांडा खालच्या स्टीअरिंगच्याच गिअरबॉक्सपासून वरपर्यंत अखंड असायचा, त्यामुळे बॉडी खाली येताना तो फरशीच्या भोकातून ओवून घ्यावा लागे. बॉडी नि चासी यांच्यामध्ये रबर आणि लागतील तशा पत्र्याच्या चकत्या. चासी वेल्डिंगने थोडीफार वाकडी होतेच, ते चकत्यांनी भरून काढायचं. मळ जपून साफ केला तर कधी कधी चासीवर खडूने लिहिलेले चकत्यांचे आकडे आजही सापडतात. ते पुसण्याआधी फोटो काढून ठेवावा.

पुढची मडगार्डं, बॉनेट, जाळी हे सगळं बॉडी बसल्यावर लागायचं आणि ते बॉडीपासून वेगळं रंगवलेलं असायचं. दार नि मडगार्ड यांच्या रंगात बारीक फरक दिसला तर गाडी ठोकलेलीच आहे असं लगेच धरू नये.

शिसेकाम:
पत्र्याच्या सांध्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. छत आणि मागचा पॅनेल यांचा सांधा स्पॉट वेल्डिंगचा. तो लपवायला 70 टक्के शिसं, 30 टक्के कथील असा मिश्रधातू भरत. तो 183 अंश सेल्सिअसला मऊ व्हायला लागतो आणि साधारण 255 ला पूर्ण वितळतो. मधल्या टप्प्यात तो लोण्यासारखा असतो, तेव्हाच चरबी लावलेल्या लाकडी पट्टीने थापायचा. आधी पत्र्याला कथलाचा हात नीट बसला पाहिजे, नाहीतर भरलेला भाग सुटतो. फ्लक्सचं (कथील धरावं म्हणून पत्र्याला लावलेल्या रसायनाचं) आम्ल धुतलं गेलं नाही तर काही महिन्यांनी रंगाला फोड येतात. घासण्याची जागा बंदिस्त असे नि माणसाच्या टोपात नळीने ताजी हवा सोडत, कारण शिशाची धूळ विषारी. घरी करणार असाल तर ग्राइंडर लावू नका, कानस वापरा. मास्क तरीही हवाच.

खटपट्या:
छान! मग आपल्याकडच्या फियाट 1100 ला हीच पद्धत का?

पानाबारा:
नाही. फियाट 1100 काय, अँबॅसडर काय, दोन्हींना वेगळी चासीच नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. तिथे इंजिन-सस्पेन्शन बॉडीलाच जोडावं लागतं. वेगळ्या चासीचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे जीप.

खटपट्या:
आणि चकत्यांचे आकडे पुसले गेले असतील तर?

कानस:
दाराच्या मागची फट बघा. वर रुंद नि खाली अरुंद असेल तर बॉडी पुढच्या बाजूला खाली बसली आहे. डॅशबोर्डाखालच्या आधारावर एक चकती वाढवा. उलट फट वर अरुंद असून दारच लोंबत असेल तर चकत्यांना हात लावू नका, बिजागरीची पिन झिजली असणार. एका वेळी एकच चकती, बोल्ट आवळायचे आणि मगच पुन्हा मापायचं.