पालगडच्या घरात खोतीचा फलक हवा की नको?

दापोलीचा_वाटसरू:
साने गुरुजींचं पालगडचं घर स्मारक म्हणून जपलंय, उत्तमच. पण लोक तिथून आई, श्लोक, संस्कार एवढंच घेऊन परततात. घराणं खोतांचं होतं. सरकारचा सारा भरायचा आणि जमीन कसणाऱ्या कुळांकडून अर्धेल, म्हणजे अर्धं पीक, घ्यायची, वर फुकट राबवून घ्यायची वेठ, ही खोती. ‘श्यामची आई’त खोती सुरुवातीलाच येते. मग भिंतीवरही ठळक यावी, असं माझं मत.

सुपारीबाग:
आलात का वळणावर! गुरुजींचे वडील सदाशिवराव काही गडगंज नव्हते हो. भाऊबंदकी, कोर्टकचेऱ्या, सावकार, शेवटी घरावर जप्ती. आई यशोदाबाई १९१७ साली गेल्या त्या हलाखीतच. माणसं तिथे त्या माऊलीसाठी जातात, महसूल खात्याचा इतिहास वाचायला नाही.

कूळकायदा:
दादा, खोताचं घर बुडालं त्याचं पुस्तक झालं. कुळांची बुडाली त्यांचं काय? आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे शेजारच्याच मंडणगड तालुक्यात. खोती रद्द करायचं विधेयक त्यांनी १९३७ साली मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा काढला. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. आणि गुरुजी नाशिकच्या तुरुंगात पुस्तक लिहीत होते ते १९३३ साली. त्याच वर्षी अलिबागजवळ चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला, तो कित्येक वर्षं चालला.

सुपारीबाग:
म्हणजे गुरुजींनाच पिंजऱ्यात उभं करायचं? पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली उपोषणाला बसलेला माणूस तो! खानदेशात शेतकऱ्यांच्या सारामाफीसाठी रान उठवलं त्यांनी.

दापोलीचा_वाटसरू:
अहो, तेच तर! खोताचा मुलगा तिथवर कसा पोचला, हे खोती झाकून कळायचं कसं? मोळीचा प्रसंग आठवा. महार म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढव, असं आई श्यामला सांगते. घरी येऊन आंघोळ कर, हेही तीच सांगते. आम्हाला शाळेत आंघोळ गाळून मोळी तेवढी शिकवली. (परीक्षेत ‘आईचे गुण लिहा’, पाच मार्क.)

सुपारीबाग:
मग लावा फलक. पण ‘शोषक’ वगैरे शब्द नकोत. आणि माजघरात तर मुळीच नको, अंगणात लावा.

कूळकायदा:
अंगणातच बरा. कुळं तिथपर्यंतच यायची.